सत्तरचा शेरा

"आपण तासाला किती श्वास घेतो, तेही लिहून घेईल ही बया," अर्नेस्टीन पुटपुटली.

कॉरीन हातभरावर उभी होती. तिला ऐकू जावं म्हणूनच ते पुटपुटणं होतं. कॉरीन हसली आणि तिने हातातले कागद मेजावर ठेवले. हे टोमणे तिला परके नव्हते. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या चार इस्पितळांचं कापड धुणाऱ्या या लाँड्रीत तिने स्वतः नऊ वर्षं याच मेजाशी उभं राहून टॉवेलांच्या घड्या घातल्या होत्या. पुढे पुस्तकं आणून वाचली, परीक्षा दिल्या आणि ती मेजाच्या पलीकडे गेली. आता कुठल्या कामाला किती वेळ लागायला हवा हे ती ठरवायची. ठरलेला वेळ तीन आठवडे जमला नाही की माणूस मेजावरून उठायचा. उठून कुठे जायचा, ते तिच्या कागदावर नसायचं.

घड्याळ दिसलं की हात मंदावतात. यात लबाडी नाही, रीतच आहे. म्हणून मोजणाऱ्याने वेळेशेजारी शेरा मारायचा. जीव लावून काम केलं तर शंभर, रेंगाळत केलं तर त्याहून कमी. मग त्या शेऱ्याच्या हिशेबाने वेळ कापायचा. काम करणारे वेळ ओढणार, कॉरीन कापणार. दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं आणि दोन्हीकडचे गप्प असतात.

काल या मेजावरच्या पाचही जणींना एका टॉवेलला दहा सेकंद लागले होते. पाचही जणींना, अगदी बरोबर दहा. जणू कवायत. गाडी चालवत घरी जाताना कॉरीन एकटीच हसली होती. दहाच्या शेजारी तिने बेधडक सत्तर लिहिलं. तिला शंका आलीच नाही, कारण त्या पाचांत वांडा प्रूसाक होती आणि वांडाचा हात तिला माहीत होता. पहिल्या दिवशी तिला घडी शिकवली ती वांडानेच. एक झटका, दोन दुमडी, वरून तळहात. नणंदेला नावं ठेवता ठेवता वांडा सहा सेकंदांत टॉवेल बाजूला टाकायची. ती वांडा दहा सेकंद घेते म्हणजे काय!

दहाचे सात झाले. मॅनेजर खूश झाला. आज फक्त आकडा वाचून दाखवायचा आणि सह्या घ्यायच्या.

मेजाच्या कोपऱ्यावर खसखस भरलेल्या गोड रोलचा खोका होता. एरवी घरी भाजणाऱ्या वांडाने आणलेला. खोक्यावर बेकरीचं नाव होतं.

"विकतचा? वांडा, तुम्ही आळशी झालात हं," कॉरीन म्हणाली. "पीठ मळायचा कंटाळा?"

सगळ्या हसल्या, पण जरा उशिराच.

मग तिने कागद वाचला. "सोमवारपासून एका टॉवेलला सात सेकंद."

मागे ड्रायर धडधडत होते. 

"दहा लिही," अर्नेस्टीन म्हणाली.

"अर्नेस्टीन, मी कुठे शिकले विसरलीस का? टॉवेल झटकून तू मध्येच छताकडे बघत बसली होतीस."

"बघत होते. छत चांगलं आहे."

"बरं, आठ करते. मॅनेजरला मी सांगेन."

"दहा."

"साडेआठ. याच्या वर गेले तर माझीच नोकरी जाईल."

"दहा म्हणजे दहा. साडेनऊसुद्धा नकोत."

कॉरीनला नवल वाटलं. इतक्या वर्षांत घासाघीस न करणारं मेज तिने पाहिलं नव्हतं. सगळे बारा मागतात आणि आठावर येतात. ही बाई जागची हलत नव्हती.

"अकरा महिने दहा राहू दे," अर्नेस्टीन आवाज उतरवून म्हणाली. "पुढे पाच कर. आम्ही चार करून दाखवू."

"अकरा महिने कशाला?"

अर्नेस्टीनने पुढचा टॉवेल ओढला. बाकीच्या तिघी खाली बघू लागल्या. चौघींपैकी एकीचीही नजर वांडाकडे जात नव्हती, आणि ती न जाण्यासाठी चौघींनाही कष्ट पडत होते.

कॉरीनला हे हसण्यावारी न्यायचं होतं. "वांडा, तुम्हीच सांगा हो यांना. सहा सेकंदांची राणी तुम्ही! म्हणावं, पुरे झालं आता नाटक."

शब्द तोंडातून सुटले आणि तिला काल दिसलेलं पुन्हा दिसलं. चार जणींचे हात मध्येच हवेत थांबत होते. नाटक करणारा हात थांबतोच, हे ती नव्या मोजणाऱ्यांना शिकवायची. वांडाचा हात एकदाही थांबला नव्हता. झटका, दुमड, दुमड, तळहात. एकही हालचाल वाया नव्हती, एक क्षण उसंत नव्हती, आणि तरी दहा. शेवटच्या टॉवेलांना बाकीच्या हात अडवून तिची वाट बघत होत्या. कॉरीनने ते पाहिलं होतं. पाहिलं, आणि पान उलटलं. मग सत्तर लिहिलं. आणि अकरा महिने म्हणजे वांडाच्या निवृत्तीला उरलेले.

तिला कागद उचलून घ्यावा असं वाटलं, पण हात पुढे होईना. नऊ वर्षं ज्या बाईच्या शेजारी उभी राहिली, तिच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होईना.

"वांडा, राहू दे ना," अर्नेस्टीन घाईने म्हणाली. "आम्ही बघतो काय ते. तू नको बोलूस."

वांडाने हातातला टॉवेल ठेवला. बोटं सरळ करायला गेली, ती पुरती सरळ झाली नाहीत. तिने ती लपवलीही नाहीत.

"नाटक या चौघी करत होत्या, पोरी," ती कॉरीनला म्हणाली. "मला खरंच दहा लागतात."