गुहेतली भावकी

नव्या घरमालकिणीला घरात पाळलेले मासे चालत नव्हते, म्हणून यारेलीने शहरातल्या काचपेटीतले आपले तीन केशरी मोली मासे डब्यात घालून गावी आणले आणि गंधकाच्या गुहेतल्या पाण्यात गुपचूप सोडले. त्यातली एक तर पोटुशी होती. "इथे तुमचीच भावकी आहे, सुखानं नांदा," ती पुटपुटली.

घटकाभरात ढोल वाजला. पावसाचं मागणं घालून तिच्या आजोबांनी, फौस्तिनोंनी, कुटलेली विषारी मुळी पाण्यात सोडली. एक तरी मासा उलटा होऊन वर आला, की देवानं ऐकलं असं समजायचं. पण पिढ्यानपिढ्या ते विष पचवलेले गुहेतले राखाडी मोली शेपट्या हलवत मजेत फिरत राहिले.

"फौस्तिनोकाका, यंदाही मुळी कुटताना हात आखडला काय?" मागून कुणीतरी टोमणा मारला. आजोबांची मान खाली गेली.

तेवढ्यात पाण्यावर काहीतरी चमकलं. ते पाण्यात धावले आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी आपली टोपली यारेलीपुढे धरली.

 

"तीन वर्षांनी देव पावला गं पोरी! बघ तरी, या खेपेला सोन्याचे मासे धाडलेत त्यानं!"