नवीच घ्या

"पुन्हा छातीनेच रेटायची होती, तर हातरिक्षा काय वाईट होती?" माथेरानच्या चढावर बंद पडलेली ई-रिक्षा ढकलताना धाकू ढेबे करवादला.

कंपनीचा माणूस दर वेळी सांगायचा, "बॅटरी संपली. नवीच घ्या." शेवटी सगळ्या रिक्षावाल्यांनी त्याला घेरलं, तेव्हा कुठे त्याने बॅटरी उघडली आणि आतले मागे पडलेले सेल वेगळे चार्ज करून बाकीच्यांच्या बरोबरीला आणले. रिक्षा तोच चढ सरसर चढली.

"हे आधीच जमत होतं?" धाकूने विचारलं.

"जमायचं की! पण मग नव्या कोण घेणार?" हसत तो मागे बसला. "चला, खाली सोडा."

धाकूने त्या माणसाची अवजारांची पेटी लाल मातीत उतरवली.

"उतर. पायी जा."

माणसाने पुढच्या रिक्षाकडे पाहिलं. तिच्या चालकाने मागच्या सीटवर पाय लांब केले.