पवित्र पिता

१९८६ साली पोप मुंबईत येणार म्हणून मरोळच्या इनासने घरावर पताका लावल्या. कॅथलिक चर्च सोडून गेलेला त्याचा धाकटा भाऊ पास्कू शेजारच्या घरातून तडक अंगणात आला.

"माणसाला 'पवित्र पिता' कसं म्हणतोस रे? पिता एकच, स्वर्गातला."

"पोप ख्रिस्ताचे प्रतिनिधी आहेत. तो अधिकार त्यांना देवानेच दिलाय."

दुपार टळली तरी दोघांपैकी कोणी माघार घेईना. शेवटी समोरच्या शेवंतीमावशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,


"तुमचे बाबा सकाळपासून उपाशी होते, दोन्ही घरांत कोणी विचारलं नाही. मी त्यांना माझ्याकडे जेवायला बसवलंय. 'पोरांना सांगू नकोस, लाज वाटेल त्यांना,' असं म्हणाले."