उताणी तबकडी

"कोपर कानाच्या वर, बाबा. कुऱ्हाड उगारल्यासारखं."

बाबांचं कोपर खांद्यापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवल्यावर खांद्याचं दुसरं काय होणार? त्यांनी दात आवळले, हात वर रेटला आणि फेकलं. तबकडी फांदीला थडकून खाली आली आणि पालथ्या ताटलीसारखी गवतावर बसली.

"नाही," बाबा म्हणाले आणि ती आणायला निघाले.

"मी आणते की."

"माझी मी आणतो."

तीन रविवार हेच चाललं होतं. खेळ गोल्फसारखाच, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्यांची टोपली. मुलगी दहा वर्षांची असताना बाबांनीच तिला तो शिकवला होता. आता ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि शिकवायची पाळी तिची होती.

दोन महिन्यांपूर्वी बाबा याच मैदानात, रोजच्या वाटेवर, हरवले. सातव्या टोपलीपाशी तीन तास नुसते बसून होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो हळूहळू वाढतच जाईल हेही सांगितलं. घरी आल्यावर तिनं ठरवून टाकलं. एकट्यानं खेळायला जाणं बंद, तबकड्या माळ्यावर. बाबा भांडले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "तीन रविवार दे, ठकू. ती डोक्यावरून मारायची फेक शिकव. जमली तर मला एकट्याला जाऊ दे. नाही जमली तर तू म्हणशील तसं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आज सकाळीच ती नवऱ्याला म्हणाली होती. साधी आडवी फेक बाबांच्या हातात इतकी मुरलेली, की आजारालाही ती अजून पुसता आली नव्हती. मग या वयात खांद्याचे हाल करून नवं काही शिकायचं कशाला?

शिवाय त्यांचं लक्षही भलतीकडेच असायचं. मघाशी एक फेक थेट साखळ्यांत खणखणली. तिनं टाळी वाजवली. बाबांनी टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही. तबकडी कुठं गेली याची त्यांना फिकीर नव्हती, ती कशी पडली तेवढं ते बघत. डोक्यावरून मारलेली तबकडी हवेत कूस बदलते आणि फेक नीट बसली तर उताणी पडते, पोट आभाळाकडे करून. त्यांना तेवढंच हवं होतं.

"उताणी पडून काय मिळतं, बाबा? त्याचे गुण नसतात."

"मला आहेत."

तिचा धीर सुटत चालला होता. शाळेतली पोरं बरी, निदान सांगितलेलं ऐकतात. "मनगट शेवटी झटका," ती पुन्हा म्हणाली, "खांद्यावर जोर नको."

त्यांनी झटकलं. तबकडी झाडांच्या शेंड्यावरून गेली, वर क्षणभर रेंगाळली, वळली आणि उताणी पडली. ते गेले, घेऊन आले, परत फेकलं. उताणी. तिसऱ्यांदा फेकली तेव्हा कळ येऊन ते कण्हले, पण तबकडी उताणीच पडली होती. ते खांदा धरून बाकावर बसले. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा कधी नव्हे इतका शांत.

"जमलं," ते म्हणाले. "आता उलटून बघायची आठवण राहिली नाही, तरी चालेल."

आजार बोलतोय असं तिला वाटलं. तिला भरून आलं. या वेळी तबकडी आणायला ती गेली.

तबकडीच्या पोटात नाव आणि फोन नंबर लिहायची या खेळात रीत आहे. वर लिहिलेलं खडीत घासून जातं, पोटातलं कडेच्या आडोशाला टिकतं. हरवलेली तबकडी ज्याला सापडेल त्यानं उलटून बघायचं आणि मालकाला फोन करायचा. पण समोर उताण्या पडलेल्या या तबकडीवर बाबांचं नाव नव्हतं. नंबर तिचा होता. त्याच्याखाली काळ्या रंगात, पाटीवर असावीत तशी रेखीव, ताजी अक्षरं होती:

"खिशात फोन आहे. हा नंबर लाव. बोलेल ती ठकू, तुझी मुलगी. ओळख पटली नाही तरी तिच्याबरोबर घरी जा."