गल्लीच्या तोंडावरचा चोथा

"एकशे बहात्तर." शन वैद्यांनी चियाव म्हाताऱ्याच्या दंडावरचा पट्टा सोडला. "बारा पुड्या झाल्या, आणि दाब होता तिथेच."

"बुद्धिबळ, दुसरं काय!" चियावची बायको ल्यूजन लगेच म्हणाली. "पट ट्रंकेत घालून कुलूप लावलं, तरी याच्या डोक्यात घोडे नाचतातच. शनिवारचा सामना आता विसर म्हणावं."

चियावचा चेहरा पडला. शनिवारी चहाच्या दुकानात शेजारच्या गल्लीतल्या पाङशी सामना होता. नऊ वर्षं तो पाङकडून हरत आला होता, आणि दहाव्या वर्षी निदान समोर बसायला तरी मिळावं एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने बारा दिवस नाक दाबून कडू काढा प्यायला होता. बायको पिटाळायची म्हणून रोज सकाळी दोन तास नदीकाठी फिरलाही होता.

"काढा उकळता किती वेळ?" वैद्यांनी विचारलं.

"चांगला दोन तास," ल्यूजन म्हणाली. "कसर नाही ठेवत मी."

"सगळं एकदमच टाकून?"

"मग काय एकेकाला आमंत्रण देऊ?"

वैद्य हसले. त्यांनी आपली मूठ आवळून दोघांपुढे धरली. शाळेतल्या पोरांना सांगावं तसं ते सावकाश सांगू लागले, "याच्या रक्तवाहिन्या अशा आवळल्यात. रक्ताला वाट अरुंद, म्हणून दाब. एकट्या औषधाचं ही मूठ ऐकत नाही. पांढरा कंद डोकं शांत करतो, लाल मूळ रक्ताला चालतं ठेवतं आणि गळासारख्या वाकड्या काड्या मुठीला सांगतात, सोड बाई आता. या तिघांनी आणि बाकीच्या आठांनी मिळून समजूत काढायची." त्यांनी मूठ हळूहळू उघडली. "पण काडी नाजूक. ती शेवटी टाकायची, दहा मिनिटं. दोन तास उकळली तर तिची वाचाच बसते."

"म्हणजे बुद्धिबळाचा दोष नाही!" चियाव ताडकन उठला.

"बस खाली, म्हाताऱ्या," ल्यूजन ओरडली. "दाब वाढेल."

"चोथा कुठे टाकता? बघू जरा." वैद्यांनी विचारलं.

"सगळे टाकतात तिथेच, गल्लीच्या तोंडाशी," ल्यूजन म्हणाली. "लोकांनी तुडवला की दुखणं जातं. पाङ तर रोज येता-जाता तुडवतो."

"येता-जाता?" चियाव म्हणाला. "त्या बाजूला त्याचं काय काम?"

ल्यूजनने एकदम पिशवीत रुमाल शोधायला घेतला.

दवाखान्यापासून गल्लीचं तोंड वीस पावलांवर होतं. सकाळच्या चोथ्यातून अजून वाफ येत होती. वैद्यांनी वाकून एक काडी उचलली. बोटांत धरताच तिचा लगदा झाला. मग त्यांनी मुळाच्या चकत्या बोटाने बाजूला सारल्या. एक चकती जरा जाड होती. त्यांनी ती उचलली, वास घेतला, उलटी केली आणि चियावच्या हातावर ठेवली.

"मी अकरा औषधं लिहून दिली होती. हे बारावं कुणाचं?"

ती चिनी बुद्धिबळाची चपटी, गोल लाकडी सोंगटी होती. मधोमध 'घोडा' हे अक्षर कोरलेलं. कडेचा टवका चियावने डोळे मिटूनही ओळखला असता.

"हा ट्रंकेत होता ना?"

ल्यूजन रस्त्याकडे बघत राहिली. "पाङचा घोडा मारला," ती शेवटी म्हणाली, "आणि तसाच हातात घेऊन भांडं ढवळायला उठले. पडला असेल."

"तू? पाङशी? रोज?"

"दोन तास भांड्यापाशी बसून करायचं काय माणसाने?"

चियाव लालबुंद झाला. वैद्यांनी घाईघाईने त्याचं मनगट धरलं आणि नाडीवर तीन बोटं ठेवली.

"किती डाव?" चियावने विचारलं.

"बारा. आजचा डाव घोडा शोधता शोधता मोडला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काय?"

"जिंकलं कोण?"

"मी," ल्यूजन पुटपुटली. "अकराच्या अकरा."

वैद्यांनी मनगट सोडलं नव्हतं. बोटांखालची नाडी संथ होत गेली, तशा त्यांच्या भुवया वर गेल्या.

चियावने ओला घोडा सदऱ्याला पुसला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि बायकोच्या हातात दिला.

"शनिवारी तू बस," तो म्हणाला. "काड्या मी टाकतो."