बाल्कनीतला बागायतदार

नवऱ्याने बाल्कनीत चार कुंड्यांत टोमॅटो काय लावले, त्याच्या अंगात बागायतदारच संचारला. भेटेल त्याला तो ऐकवायचा, "घरात पिकवा, कणभरही वाया घालवू नका." पाणी घालायचं काम अर्थातच बायकोकडे होतं, पण पिकलेल्या टोमॅटोला हात लावायची तिला सोय नव्हती. "एवढ्या मेहनतीचे टोमॅटो रोजच्या भाजीत घालायचे?" असं म्हणत पहिले टोमॅटो त्याने झाडावरच सडवले. दुसऱ्या खेपेला बायकोने त्याला विचारलंच नाही.

आज जेवताना टोमॅटोच्या भाजीचा घास घेऊन त्याने नाक मुरडलं. "या बाजारच्या टोमॅटोंना चव ना ढव. बाल्कनीतले माझे बघ, कसे लालबुंद लटकलेत. त्यांची सर यांना येणार आहे का?"

"कशी येईल?" असं म्हणत बायकोने त्याच्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली.

 

त्याचे टोमॅटो त्याच्या ताटात होते. बाल्कनीत लटकत होते ते बाजारातले, तिने सकाळीच हिरव्या दोऱ्याने झाडाला बांधलेले.