काळी मेंढी

माण तालुक्यातल्या मेंढपाळ साळूबाईची मुलगी क्रांती अधिकारीपदाच्या मुलाखतीला पुण्यात गेली. साहेबांनी विचारलं, "इंग्रजीत 'ब्लॅक शीप' कुणाला म्हणतात?"

"घराण्याचं नाव घालवणाऱ्याला." क्रांती म्हणाली. "पण सर, आमच्या कळपात आई काळ्या मेंढीला सगळ्यात जास्त जपते. तिच्या लोकरीचं घोंगडं रंगवावं लागत नाही. त्याच घोंगड्यात मी वाढले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढं बराच वेळ ते तिच्या आईविषयीच विचारत राहिले.

निवड यादीत नाव लागलं, तेव्हा क्रांती ते सांगायला थेट माळावर गेली.

साळूबाईनं विचारलं, "इंग्रजीतनं काय इचारलं गं त्यांनी?"

"आपल्या मेंढरांचं."

"मंग तुला न यायला काय झालं? आख्ख्या माणात तुझ्याएवढी मेंढरं राखलीत कुणी?"